बारा व्होल्टांची गोदावरी

मराठवाड्याच्या माणसानं होडीविषयी बोलायला सुरुवात केली की कोकणातला माणूस घड्याळ बघतो. त्याचंही बरोबर आहे. आम्हाला समुद्र बघायचा तर संध्याकाळी नांदेडला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसावं लागतं, रात्रभर पाय पोटाशी घेऊन झोपावं लागतं आणि सकाळी मुंबईत उतरून आधी एखाद्या चुलत नातेवाइकाकडं आंघोळ उरकावी लागते. तेवढ्यात भरती येऊन गेलेली असते. लातूरकरांचं तर विचारूच नका. १२ एप्रिल २०१६ ला त्यांच्याकडं पिण्याचं पाणीच रेल्वेनं आलं. मिरजेहून दहा वाघिणी भरून, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. गाडीचं नाव जलदूत. त्या उन्हाळ्यात लातुरात कुणी होडी विकत घेतली असती, तर घरच्यांनी आधी डॉक्टरला दाखवलं असतं.

तरीही आमच्याकडं नावा आहेत. विष्णुपुरीच्या शंकरसागरात आहेत, बारूळच्या मानार धरणात आहेत, आणि पाऊस बरा झाला तर लातूरला पाणी पाजणाऱ्या धनेगावच्या मांजरा धरणातही आहेत. फक्त त्यांना नाव म्हणायला पाहुण्याची मानसिक तयारी करावी लागते. थर्माकोलचे तुकडे जाळीत नाहीतर प्लास्टिकच्या पोत्यात कोंबून बांधलेला तराफा, किंवा हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब, त्यावर मांडी घालून बसलेला एक माणूस, आणि वल्ह्याच्या जागी हातात फळीचे दोन तुकडे. संध्याकाळी जाळं लावायचं, पहाटे काढायचं. राहू, कटला, मृगळ, नशीब असेल तर मरळ.

गोदावरीतल्या खऱ्या सुसज्ज बोटी वेगळ्याच. त्या वाळू उपसणाऱ्यांच्या. त्यांना डिझेल इंजिन असतं, सक्शन पंप असतो, आणि शत्रूही असतो. महसूलचं पथक येतं, जिलेटिन लावून बोट उडवतं, तराफे पेटवून देतं, दुसऱ्या दिवशी पेपरात धुराचा फोटो येतो. कान्होजी आंग्र्यांनंतर मराठी मुलखात एवढ्या नियमानं आरमारी कारवाया दुसऱ्या कुणी केल्या असतील असं वाटत नाही.

अशा या जलप्रांतात आमच्या लातूरच्या साडूंनी मासेमारीची बोट घेतली.

साडू लातूरच्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. लातूर पॅटर्नमधला माणूस. प्रश्न येण्याआधी उत्तर तयार पाहिजे, आणि एकाच उत्तराची चार वेळा चाचणी घेतली पाहिजे, अशी त्यांची घडण. निवृत्तीनंतर त्यांनी विष्णुपुरीच्या फुगवट्याकडेला थोडी जमीन घेतली. लातूरच्या माणसाला घरातून पाणी दिसणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे नांदेडकराला कळत नाही. आम्ही गोदावरीकडं पाठ करून घरं बांधली. साडू मात्र रोज सकाळी खुर्ची टाकून पाण्याकडं बघत बसत, ते अजून तिथंच आहे ना याची खात्री करत.

नुसतं बघून भौतिकशास्त्राचं समाधान होत नाही. त्यांनी परदेशी हौशी मासेमारांचे व्हिडिओ बघितले. ते लोक एक मासा पकडायला जातात तेव्हा बोटीत तीन-चार बॅटऱ्या असतात. एक इंजिन चालू करायला, एक-दोन विजेच्या छोट्या मोटारीला, एक मासे शोधायच्या यंत्राला. मग मासा पकडतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. हे शेवटचं साडूंनी जाळंवाल्या मामाला सांगितलं तेव्हा मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग जायाचंच काहून?"

हा मामा त्याच काठावर राहतो आणि त्याची वडिलोपार्जित मासेमारी आहे. त्याचं सगळं विद्युतीकरण त्याच्या कपाळावर असतं. रबरी पट्ट्याची चार्जिंगची बॅटरी. तिला दिवसभर टपरीवाल्याच्या बोर्डात खोचून ठेवायची, त्याबदल्यात टपरीवाल्याला अधूनमधून चिलापी द्यायची. पण साडूंच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. मामाच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आणखी एक बॅटरी लटकत होती.

"ही कशाला?"

"ही यायची."

"म्हणजे?"

"डोक्यावरली जायाची. ही यायची. हिला मधी हात लावायचा न्हाई. बिडी शोधायला बी न्हाई."

साडू उठून उभे राहिले. जगभर बोटींच्या वीजजोडणीचा पहिला नियम हाच आहे. इंजिन चालू करणारी बॅटरी वेगळी ठेवा आणि तिच्यावर दुसरं काहीही चालवू नका, दिवा नाही, पंप नाही, गाणी तर नाहीतच. बाकी सगळ्या उतरल्या तरी घरी आणणारी एक शिल्लक पाहिजे. साडूंनी हे मामाला सविस्तर समजावून सांगितलं. मामानं स्वतःचीच गोष्ट पुन्हा एकदा ऐकून घेतली आणि मान डोलावली.

खरं म्हणजे या विषयात अख्ख्या मराठवाड्याचं शिक्षण झालेलं आहे. ६ जून २००५ ला वीज मंडळ मोडून महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाल्या. एक वीज तयार करणार, दुसरी वाहून नेणार, तिसरी वाटणार. नसलेल्या विजेचं खातं आमच्या जिन्याखालच्या इन्व्हर्टरकडं आलं. खेड्यापाड्यांत बारा-बारा तास लोडशेडिंग. पुढं तर ज्या फीडरवर गळती जास्त त्या फीडरवर अंधार जास्त, असा हिशेब लागला. गल्लीतल्या एकानं आकडा टाकायचा आणि सगळ्यांनी मिळून घामाघूम व्हायचं, इतकी सामूहिक जबाबदारी आमच्यात एरवी कधी दिसली नव्हती. त्या काळात मुलगी बघायला आलेली मंडळी पोहे खाता खाता जिन्याखाली हळूच डोकावत. तिथं लाल-हिरवा दिवा दिसला तर घर बरं.

बोटीवरचा माणूस किनाऱ्याला लागला की आधी वायर खोचतो, मिळेल तेवढी वीज भरून घेतो. आम्ही वेगळं काय केलं? लाईट आली की मोबाइल, इन्व्हर्टर, चार्जिंगचा कंदील, टाकीची मोटर, मिक्सर, इस्त्री, सगळं एकदम. त्या धक्क्यानं डीपी उडायची. मग पुन्हा समुद्रात. लाईट गेल्यावर कुठला पंखा चालू ठेवायचा याचा निर्णय आई घेत असे आणि त्यावर अपील नव्हतं. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा इन्व्हर्टरवर नाही, ही माहिती पाहुण्यांना मुक्कामाच्या पहिल्याच रात्री, अंगानं कळायची. सांगायचं एवढंच की बॅटरीला पाणी कधी टाकायचं, ते नळाचं का चालत नाही, टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलं की ते गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन कसं लावायचं, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही येतं. फक्त ते ज्ञान कधी पाण्यात उतरलं नव्हतं.

साडूंनी ते उतरवायचं ठरवलं. त्यांच्या वहीवर शीर्षक होतं, 'बोट : संभाव्य प्रश्न'. त्यात १८०० साली व्होल्टानं पहिली बॅटरी कशी रचली हे होतं. १८३८ मध्ये याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत डझनभर माणसं बसवून बॅटरीवर नाव चालवली, हे होतं. १८५९ मध्ये प्लांते या फ्रेंच माणसानं पुन्हा भरता येणारी शिसं आणि आम्लाची बॅटरी काढली, हेही होतं. "म्हणजे पुन्हा भरता येणारी बॅटरी निघायच्या एकवीस वर्षं आधी बॅटरीची नाव चालली होती," साडू म्हणाले. "आणि इथं आपण एकविसाव्या शतकात बसून विचार करूलालाव." मी विचार करत नव्हतो, त्यांच्या मेथीच्या शेंगोळ्या खात होतो, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

बॅटऱ्या घ्यायला आम्ही नांदेडला गेलो. तिथले मिस्त्री चाळीस वर्षं बॅटऱ्यांत हात घालून बसलेले, आम्लानं पँटीला पडलेली भोकं अंगावर अभिमानानं मिरवणारे. साडूंचा बेत असा होता की घरच्या इन्व्हर्टरची एक जुनी ट्युब्युलर आहे, तिला एक नवी जोडायची, म्हणजे निम्म्या खर्चात दुप्पट साठा. मिस्त्रींनी पान थुंकलं.

"साब, पुराने के साथ नया नक्को लगाओ. पुराना नये का खून पी जाता."

"अंतर्गत रोध वाढलेला असतो," साडू माझ्याकडं वळून म्हणाले.

"वो नै मालूम साब. पर पी जाता."

दोघंही बरोबर होते. जुनी आणि नवी समांतर जोडली की जुनी स्वतः धड भरत नाही आणि नवीला भरलेली राहू देत नाही. चार महिन्यांत दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या होतात. आमच्याकडच्या काही एकत्र कुटुंबांत हे दृश्य बघितलेलं असल्यामुळं मला पटकन पटलं. शेवटी एकाच कंपनीच्या, एकाच महिन्यात तयार झालेल्या दोन नव्या ट्युब्युलर बॅटऱ्या ठरल्या, प्रत्येकी १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-अवर.

मग प्रश्न आला, सिरीज की पॅरलल? सिरीजमध्ये एकीचं धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला लागतं. व्होल्टेज दुप्पट होऊन २४ होतं, अँपिअर-अवर मात्र दीडशेच राहतात. पॅरललमध्ये धनाला धन, ऋणाला ऋण. व्होल्टेज बाराच, अँपिअर-अवर तीनशे. एकूण ऊर्जा दोन्हीकडं सारखीच. मला हे राजकारणातून चटकन समजलं. १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपद लातूरच्या निलंगेकरांकडून थेट नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडं आलं. डिसेंबर २००८ मध्ये ते लातूरच्या विलासरावांकडून थेट नांदेडच्या अशोक चव्हाणांकडं आलं. दोन जिल्हे, चार मुख्यमंत्री, आणि दोन्ही वेळा लातूरचं टोक नांदेडच्या टोकाला. ही सिरीजची जोडणी. दाब जबरदस्त वाढला. साठा किती वाढला ते दोन्हीकडचे शेतकरी सांगतील. नव्या विभागीय आयुक्तालयाच्या वादात मात्र दोन्ही जिल्हे पॅरललमध्ये गेले, एकाच दाबाचे, समोरासमोर. नांदेडला पाहिजे, लातूरलाही पाहिजे. इतकी वर्षं दोघं एकमेकांना तापवत बसले आहेत आणि आयुक्त आहेत तिथंच, संभाजीनगरला.

बोटीची मोटर १२ व्होल्टांची होती म्हणून पॅरलल ठरलं. इथं मिस्त्रींनी एक बारकावा सांगितला, तो मी तरी आधी ऐकला नव्हता. मोटारीची धन वायर पहिल्या बॅटरीवरून घ्यायची आणि ऋण वायर दुसऱ्या बॅटरीवरून. दोन्ही वायरी एकाच बॅटरीवरून घेतल्या तर जवळची राबते आणि लांबची आराम करते. साडू खूश झाले. त्यांनी वहीत ते तिरकी रेघ काढून लिहिलं आणि खाली 'हमखास येणारा प्रश्न' असा शेरा मारला. वायर जाड पाहिजे आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, हेही मिस्त्रींनी बजावलं. बारा व्होल्ट हाताला काही करत नाहीत, म्हणून लोक त्यांना घाबरत नाहीत. पण पाचशे-हजार अँपिअर देऊ शकणाऱ्या बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो पाना वेल्डिंग होऊन बसतो. मिस्त्रींनी तसा एक पाना भिंतीवर टांगून ठेवला होता, फोटोला हार घालतात त्या खिळ्यावर.

मिस्त्रींनी लिथियमही दाखवली. १०० अँपिअर-अवरची असून एका हातात उचलावी इतकी हलकी. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, हिला जवळजवळ तळापर्यंत वापरता येते. या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं. साडूंनी ती दोन्ही हातांत घेतली, किंमत ऐकली आणि दोन्ही हातांनी परत ठेवली.

त्यांनी तिसरीही बॅटरी घेतली. ती मात्र सेल्फची, म्हणजे ट्रॅक्टरला लागते तसली. तिच्या आतल्या पट्ट्या पातळ असतात. क्षणभर प्रचंड जोर देते, पण तासन्‌तास राबायला तिला आवडत नाही.

"साडूभाऊ, तुमच्या मोटारीला सेल्फ कुठं आहे? बटण दाबलं की फिरते ती."

"नियम आहे," साडू म्हणाले. "एक बॅटरी वेगळी, फक्त चालू करायला."

"पण चालू करायला काही नाहीच..."

"परीक्षेत असं नसतं लिहायचं."

बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून काठावर नेली. वाटेत दोन ठिकाणी अडवलं. गोदावरीकडं बोट चालली आहे म्हटल्यावर वाळूचाच संशय येणार. म्हणून साडूंनी बोटीच्या दोन्ही अंगांना लाल रंगात 'फक्त मासे' असं लिहून घेतलं. त्यानं संशय वाढला. एका तरुण अधिकाऱ्यानं ताडपत्री वर करून विचारलं, "पंप आहे का यात?" साडू सत्यवचनी. म्हणाले, "आहे." बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकायला मुठीएवढा बारा व्होल्टांचा पंप असतो, तो होता. "सक्शन?" "सक्शनशिवाय पंप कसा असेल? निर्वात पोकळीचं तत्त्व असं आहे की..." पुढचा अर्धा तास त्या अधिकाऱ्यानं वातावरणाचा दाब ऐकला. जाऊ द्या म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा माझ्या ओळखीचा वाटला. साडूंचे जुने विद्यार्थी असे दिसतात.

काठावर बोट लागली आणि खरी अडचण समोर आली. ट्युब्युलर बॅटरी आम्लासकट पन्नास-साठ किलोची. म्हणजे दोन बॅटऱ्या हे दोन प्रवासीच झाले, तेही न उतरणारे. सेल्फची वीसेक किलो. साडू स्वतः ऐंशी किलोच्या घरातले. बोट चार माणसांची. मामानं सगळ्यांना एकदा मोजलं. बॅटऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवत, शाळेत हजेरी घेतात तसं.

"समदे बसले. मासं कुठं बसवायचं?"

या प्रश्नाचं उत्तर वहीत नव्हतं. साडूंनी तो नवीन पानावर लिहून घेतला.

स्विच मात्र बघण्यासारखा होता. बोटींसाठी मुद्दाम मिळतो, गोल, तांबडा. त्यावर चार खुणा : एक, दोन, दोन्ही आणि बंद. एकावर फिरा, उतरली की दोनवर जा. 'दोन्ही'वर कायम ठेवू नका, कारण मग दोन्ही एकदम उतरतात आणि कळतही नाही. साडूंनी हे सगळ्यांना समजावलं. पण जो येईल तो खटका 'दोन्ही'वर नेऊन ठेवायचा. मेहुणीनं नेला, मी नेला, साडूंच्या नातवानं नेला, सरपंच बघायला आले त्यांनी तर गप्पा मारता मारता नेला. मतदान यंत्रावर हे बटण नाही हे निवडणूक आयोगाचे उपकारच म्हणायचे. आमच्या भागात सगळेच निवडून आले असते.

पहिली फेरी झकास झाली. मोटर आवाजच करत नव्हती. मामाला ते अपशकुनी वाटत होतं, पण तो जाळ्यापाशी बगळ्याच्या आधी पोचला याचं त्याला कौतुकही वाटलं. साडूंनी आकडे आधीच मांडले होते. पूर्ण वेगात मोटर पन्नास अँपिअर घेते, म्हणजे तीनशेचे सहा तास. पण निम्म्यावर थांबायचं, म्हणजे तीन. आणि जोरात ओढलं की शिशाची बॅटरी कागदावरच्यापेक्षा कमीच देते, म्हणजे अडीच धरा. अडीच तास नावेत. आता भरायला?

इथून पुढं मराठवाडा सुरू होतो.

शेतातली थ्री-फेज लाईट आठ तासांची, तीही पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री. निम्म्या उतरलेल्या दोन बॅटऱ्यांत दीडशे अँपिअर-अवर परत भरायचे तर तीस अँपिअरचा चार्जर लावूनही सहा-सात तास पाहिजेत, कारण शेवटी शेवटी बॅटरी अगदी हळू घेते. म्हणजे एक अख्खी पाळी बॅटऱ्यांना. त्याच पाळीत शेजारच्या सगळ्या मोटारी चालू झाल्यावर दाब इतका खाली येतो की चार्जर नुसता गुणगुणतो. मग एके रात्री डीपीच जळाली. ज्यांना डीपी जळणं म्हणजे काय हे माहीत नाही त्यांनी सुखात राहावं. वर्गणी, अर्ज, गाडी, उतरवणं, नेणं, 'ऑइल नाही' हे ऐकणं, परत येणं. या सगळ्याला किती दिवस लागतात ते त्या शेतात उभं पीक कुठलं आहे आणि किती वाळलं आहे यावरून मोजतात.

मग सौर पॅनेल. शंभर वॉटचं एक. उन्हाचा आमच्याकडं तुटवडा नाही, त्यासाठी मिरजेहून गाडी बोलवावी लागत नाही. तरी शंभर वॉटचं पॅनेल कडक उन्हातही दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-अवर देतं. म्हणजे अडीच तासांच्या मासेमारीला पाच दिवसांचं ऊन. मेहुणी सांडगे घालत होत्या, त्यांच्या शेजारीच गच्चीवर पॅनेल मांडलं. सांडगे तिसऱ्या दिवशी डब्यात गेले, बॅटऱ्या अजून वाळतच होत्या. साडूंनी आणखी चार पॅनेलांची चौकशी केली तेव्हा मेहुणी एवढंच म्हणाल्या, "अहो, बाजारात राहू काय भावानं मिळतो ते एकदा विचारून या."

शेवटी बॅटऱ्या टेम्पोत घालून नांदेडला माझ्या घरी भरायला आणायचं ठरलं. आमच्या जिन्याखाली जागा होतीच. उघड्या हवेत ठेवा, भरताना हायड्रोजन निघतो, बिडी-उदबत्ती जवळ नको, अशा सूचना साडूंनी भिंतीवर चिकटवल्या. त्यात एक अशीही होती : 'समुद्राचे पाणी पडू देऊ नये.' खाऱ्या पाण्यानं आम्लातून क्लोरिन वायू तयार होतो, पाणबुड्यांमध्ये त्याची मोठी धास्ती असे. नांदेडला आमच्या जिन्याखाली समुद्र शिरण्याची शक्यता फारशी नाही, पण अभ्यासक्रमात आहे म्हणजे लिहायलाच हवं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीची लाईट गेली आणि आमच्याकडं तीनशे अँपिअर-अवर नुसते बसलेले आहेत, ही बातमी शेजारी पसरली. एकाला मॅच बघायची होती. एकाच्या मुलीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. दोन बॅटऱ्या आल्या त्याच दिवशी बारशाला गेल्या, तिथून भजनाला, आणि पुढं त्यांचा कार्यक्रम माझ्यापेक्षा भरगच्च होता.

साडू चिडतील असं वाटलं होतं. पण फोनवर ते प्रसन्न होते. मामा आता बोट वापरतो म्हणाले. बॅटऱ्या नाहीत त्यामुळं मासे बसवायला जागा झाली आहे. मोटर काढून मामानं लाकडी वल्ही लावली आहेत आणि गळ्यातली 'यायची' बॅटरी तशीच आहे. रोज सकाळी साडूंच्या वाट्याचा मासा येतो. 'फक्त मासे' हे दोन्ही अंगांना अजून स्वच्छ वाचता येतं.

"आणि ती सेल्फची? तिसरी?" मी विचारलं.

"ती इथंच आहे. म्हणजे इथं नाही," साडू म्हणाले. "एके सकाळी एकाचा ट्रॅक्टर बसला होता, तो चिमटे लावून चालू केला. मग पलीकडच्या वस्तीवरचा दुसरा. परवा जेसीबी झाला. काल एका लग्नाची जीप. मी मोजतोय, एकालाही दुसऱ्यांदा सेल्फ मारावा लागला नाही. तुम्ही म्हणत होतात ना, चालू करायला आहे काय?"

तेवढ्यात फोनमध्ये मागून कुणाची तरी हाक ऐकू आली.

"सर, नावंची बॅटरी हाय का? हार्वेस्टर बंद पडलंय."

"आहे, पण आधी त्या जीपवाल्याकडून आण," साडू ओरडले. "आणि टर्मिनल पुसून आण. परवा कुणी शेंगदाण्याचं तेल लावलं होतं?"

"व्हॅसलीन संपलं होतं, सर."

"मग विचारायचं!" मला थांबायला सांगून ते बहुधा वही शोधायला गेले. फोन चालूच होता, आणि तिकडं हार्वेस्टरवाला आणि मामा राहूचा भाव ठरवत बसले होते.